लायसन, क्लच अन् झारा

१

“हे माहं लायसन नाही!”

मंजुषाची किंकाळी ओसरीवर आली तेव्हा पुंजाजी बशीतला चहा फुंकत बसला होता. आता मजा पाहा. ओरडली मंजुषा, पण घरातल्या सगळ्यांनी मान वळवली ती पुंजाजीकडं.

त्यात त्यांचीही चूक नव्हती. पुंजाजी चोपन्न वर्षांचा, कारंज्यात त्याचं ड्रायव्हिंग स्कूल. डोक्यावरचे अर्धे केस गेले होते, पण खोड एकही गेली नव्हती. परवा बुधवारी धनजमधल्या याच नव्या घरात गृहप्रवेशाचा बौद्ध परित्राण पाठ झाला, अडीचशे माणूस जेवलं. त्या एका दुपारी पुंजाजीनं चाळीस चपलांची माळ ओवून बाभळीला टांगली, बबनराव सरपंचाच्या खुर्चीवर फुगा ठेवला, आणि हेमसिंग आचाऱ्याला हातातलीच वस्तू शोधत भट्टीभोवती सात चकरा मारायला लावल्या. बरं, एवढं करून माणूस विसरायचाही लगेच. नवी खोडी सुचली की जुनी डोक्यातून पुसली.

मंजुषा दारात आली. डोळे लाल. “पुंजाकाका, लय झाली मस्करी. आणा माहं कार्ड.”

“कोणतं कार्ड, पोरी?”

तिनं हातातलं लायसन त्याच्यापुढं धरलं. “बोट फिरवा याच्यावरून.”

पुंजाजीनं फिरवलं. लायसनवर पिवळी चिप असते, ती बोटाला लागते. इथं चिप दिसत होती, पण लागत नव्हती. उलटवून पाह्यलं तर मागची बाजू कोरी, पांढरीफट्ट. कलर झेरॉक्स! वरून लॅमिनेशन, आणि कोपरे कात्रीनं गोल कापलेले.

“हे पर्समधी कोणं ठेवलं? असल कुठी हाये?” मंजुषाचा आवाज फुटला. “काका, मले चार वाजता निघाचं हाये!”

गोष्ट खरंच मस्करीची नव्हती. मंजुषा नर्स. आठ महिन्यांपूर्वी जर्मनीला गेली. म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी जाऊन औषधपाणी करायचं काम. घरं लांब लांब, गाडीशिवाय भागत नाही. आपलं लायसन तिथं पहिले सहा महिने चालतं, मग तिथलंच घ्यावं लागतं. पोरगी लेखी परीक्षेला बसली, गाडीचीही परीक्षा दिली, दोन्ही पास. नवं कार्ड तयार होऊन कचेरीत पडलं होतं. सोमवारी सकाळी भारतातलं असल कार्ड जमा करायचं आणि नवं घ्यायचं, एवढंच उरलं होतं. दोन महिने कंपनीनं तिला दुसरीच्या गाडीत बसवून फिरवलं, आता त्यांचा धीर संपला होता. सोमवारी लायसन नाही, तर मंगळवारी नोकरी नाही. आणि नोकरी नाही तर व्हिसा नाही.

“तुही शपथ, पोरी, म्या नाही घेतलं.”

मंजुषाची आई केशरबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. “भाऊजी, तुमी शपथ घेतली ना, की मले जास्तच शंका येते.”

पुंजाजीला ते झोंबलं. या पोरीला एकोणिसाव्या वर्षी त्यानंच गाडी शिकवली होती. तिनं त्याच्या स्कूलचं गेट दोनदा पाडलं, तरी शिकवली. तिचं लायसन म्हणजे त्याला स्वतःचं बक्षीस वाटायचं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच न केलेल्या खोडीचं नाव त्याच्यावर येत होतं!

तो उठला. मिशीवर हात फिरवला. मिशी त्याची जिवापाड आवडीची, तीस वर्षांत तिला वस्तरा लागला नव्हता.

“चारच्या आंधी चोर उभा करतो तुमच्यासमोर. नाही केला, तं ही मिशी काढून टाकीन.”

२

पर्स आतल्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. बाहेरचं कोणी तिथं जात नव्हतं. बुधवारपासून त्या खोलीत शिरलेली माणसं तीनच. आई केशरबाई. धाकटा भाऊ धम्मरत्न. आणि मैत्रीण रंजीता, जी जेवणाच्या दिवशी इथंच मुक्कामाला होती. रंजीताचं कारंज्यात बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान. शिवाय ती ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झालेली.

पुंजाजीनं सुरुवात घरापासून केली.

“वैनी, खरं सांगा. पोरगी परत जाऊ नाही असं वाटते ना तुमाले?”

“वाटते तं! रोज वाटते. तुमाले नसतं वाटलं?”

“मंग लायसन...”

“भाऊजी,” केशरबाईनं लाटणं खाली ठेवलं, “मले तिले रोकाचंच असतं तं मी पासपोर्ट चुलीत घातला असता. लायसन कायले लपवीन? येडी हाओ का मी?”

मुद्दा पक्का होता. जाणं थांबवणारा माणूस पासपोर्टला हात घालतो. म्हणजे ज्यानं लायसन नेलं त्याला मंजुषाला अडवायचंच नव्हतं. मग नेलं कशाला?

“पण एक सांगतो तुमाले,” केशरबाई म्हणाली. “बुधवारी सकाळी पर्स खाली पडेल होती. मले वाटलं मांजरीनं पाडली.”

“किती वाजले होते?”

“घड्याळ कोण पाह्यते, बाप्पा! भांडे याचे होते अजून. भट्टी पेटाची होती.”

पुंजाजीनं ते कानात ठेवलं. भांडी यायच्या आधी.

मग त्यानं धम्मरत्नला हाक मारली. “चाल रे, कारंज्याले. गाडी तू चालव.”

पुंजाजीची गाडी शिकवणीची. ब्रेक आणि क्लच दोन्ही बाजूंना. तीस वर्षं लोकांच्या शेजारी बसून त्याचं एक शास्त्र तयार झालं होतं. माणसाचं तोंड खोटं बोलतं, पण क्लचवरचा पाय बोलत नाही. बायकोशी भांडून आलेला माणूस गिअर कसा टाकतो हे त्याला डोळे मिटून कळायचं. त्यामुळं ज्याच्या मनातलं काढायचं, त्याच्या हातात तो सरळ स्टेअरिंग द्यायचा.

धम्मरत्न सत्तावीसचा, हात चांगला बसलेला. गावातून गाडी लोण्यासारखी काढली. फाट्यावर आले, आणि दौलतसिंगच्या बिछायत केंद्रासमोर गाडीनं हिसका खाल्ला आणि बंद पडली.

“काय झालं बे?”

“काही नाही, काका. गरम झाली असन.”

“दोन मिनिटांत?”

धम्मरत्ननं परत चावी फिरवली. पुढं अर्धा तास तो असा चालवत होता की पेपरात छापावं.

३

“तीनदा नापास झाली मी तुमच्या हाताखाली,” रंजीता गल्ल्यामागून म्हणाली. “पण काका, बदला घ्याचा असता तं मी तुमच्या बोर्डावर घेतला असता. ‘येथे नापास करून मिळेल’ असं मोठ्या अक्षरात छापून चिकटवलं असतं. मंजुषाचं काहून वाईट करीन?”

पुंजाजीला हसू आलं. कल्पना चांगली होती. त्यानं बनावट कार्ड काउंटरवर ठेवलं.

रंजीतानं ते उजेडात धरलं आणि क्षणात म्हणाली, “हे माह्याच मशीनचं हाये.”

“म्हणजे तूच...”

“थांबा नं बॉ! ही बारीक रेघ पाहा. माह्या लॅमिनेशनचा रोल चिरेल हाये, सगळ्याइच्या कार्डावर येते. दिवसाचे पन्नास करते मी. लोकं फोनवर फोटो पाठवतात, मी नाव-तोंड न पाह्यता छापते अन् संध्याकाळी सारे फोटो पुसून टाकते. दुसऱ्याचे कागदं आपल्या फोनात कायले ठेवाचे?”

“म्हणजे कोणं पाठवलं ते तुले सांगता येत नाही.”

“नाही.” मग ती थांबली, कार्ड पुन्हा उजेडात धरलं. “पण काका, असल कार्ड कोणी दुकानात आणलं असतं तं मी मशीनवर सरळ ठेवलं असतं. हे तं तिरपं हाये. फोटोवरून काढेल हाये. अन् वरच्या काठाले हे काळं काळं काय हाये?”

पुंजाजीनं चष्मा कपाळावर चढवला आणि कार्ड नाकाला लावलं. वरच्या काठावर, बरोबर मध्ये, काळा लोखंडी तुकडा. त्यावर ट्यूबलाइटची चमक.

त्यानं कार्ड उलटवलं. कोरी पाठ. परत सुलटवलं. काळा तुकडा.

मग तो असा हसला की दुकानात झेरॉक्स काढायला आलेले दोघं मागं सरकले.

“रंजीता! चौथ्या टायमाले तुले मी फुकटात शिकवतो. पास होईस्तोर!”

“चोर सापडला का?”

“लायसन सापडलं. चोर तं बाहेर माह्याच गाडीत हॉर्न वाजवून राह्यला.”

४

परतीच्या वाटेवर पुंजाजीनं बनावट कार्ड समोर काचेपाशी उभं केलं.

“धम्मा, एक कोडं घालतो. ज्याच्याजवळ असल कार्ड हाये, तो झेरॉक्स कशी काढन?”

“मशीनवर ठेवून.”

“बरोबर. पण हे फोटोवरून हाये. म्हणजे ज्यानं हे बनवलं, त्याच्याजवळ असल कार्ड नव्हतंच. बरं, फोटो काढणारा मागची बाजू काहून नाही काढत?”

गाडीचा वेग कमी झाला.

“कारण त्याले कार्ड उलटवताच आलं नाही. कोणी हात लावू देत नव्हता. बिचाऱ्यानं दुरूनच फोटो काढला. अन् हा वरचा काळा तुकडा म्हणजे चिमटा हाये, कागदं धराचा. आता सांग, पर्समधलं कार्ड भांडे याच्या आंधी गेलं, ते कोणाच्या तरी भिंतीवर चिमट्यात टांगेल हाये, अन् तो माणूस हात लावू देत नाही. असा माणूस आपल्याकडे कोण हाये?”

फाटा आला. गाडीनं हिसका खाल्ला. बंद.

समोर बोर्ड होता: ‘दौलतसिंग बिछायत केंद्र. मांडव, खुर्च्या, भांडी भाड्याने मिळतील. भांडी नेताना असल कार्ड ठेवावे. झेरॉक्स चालणार नाही.’

“दोन खेपा, दोनी टायमाले इथीच बंद पडली,” पुंजाजी म्हणाला. “गरम तू झाला, गाडी नाही. मले एकच सांग. तुहं सोताचं आधार कुठी हाये?”

धम्मरत्ननं स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. “तिथीच हाये, काका. जयंतीपासून. दोन खुर्च्या मोडल्या होत्या मिरवणुकीत.”

मग सगळं भळाभळा बाहेर आलं. बुधवारी सकाळी भांडी आणायची होती. स्वतःचं आधार आधीच अडकलेलं. ताई झोपलेली, तिचं आधार बॅगेत, बॅगेला कुलूप. लायसन पर्सच्या वरच्या खणात. संध्याकाळी परत आणून ठेवू, तिला कळणारही नाही, असा हिशोब.

“काल भांडे वापस केले, तं दौलतकाका म्हणे झारा कमी हाये. झारा आण, कार्ड ने. सारं घर उलटंपालटं केलं, काका, झारा नाही. ताईले काय सांगू? मंग फोटो काढला. म्हटलं, आपल्याकडे झेरॉक्स चालून जाते नं सगळीकडे...”

“अबे, जर्मनीचा सायब हाये तो! तुह्या कॉलेजचा शिपाई नाही!”

५

दोन वाजले होते. पुंजाजीनं फोन करून मंजुषाला आणि केशरबाईला फाट्यावर बोलावून घेतलं.

दौलतसिंगच्या दुकानात मागच्या भिंतीवर तार बांधलेली, तारेला चिमटे, चिमट्यांत कार्डं. आधार, पॅन, मतदान, एका म्हाताऱ्याचा एसटीचा पाससुद्धा. आणि शेवटून तिसरं, ट्यूबलाइटखाली चमकणारं, मंजुषाचं लायसन. खरी चिप. मंजुषा झेपावलीच.

दौलतसिंगनं हात आडवा केला. पासष्टीचा माणूस, सुपारीसारखा टणक. “हात नाही लावाचा, बाई. आंधी झारा.”

“दौलतकाका, नवीन घेऊन देते. दोन घेऊन देते!”

“दुकानातला नको. माह्या बापाचा झारा हाये तो, पितळेचा. दांड्यावर नाव कोरेल हाये त्याचं. पन्नास वर्षं या भागातल्या लग्नाइत बुंदी पाडली त्यानं. तो आणा, कार्ड न्या.”

मंजुषानं धम्मरत्नकडं पाह्यलं. त्या नजरेनं गाडी काय, ट्रॅक्टरही बंद पडला असता.

“पण झारा गेला कुठी?” केशरबाईनं विचारलं. “आपल्या घरी तं नाही.”

“मी हेमसिंगले विचारलं,” दौलतसिंग म्हणाला. “तो म्हणे, घाम पुसाले झारा खाली ठेवला, अन् पाह्यतो तं गायब. बिचाऱ्यानं भट्टीभोवती सात चकरा मारल्या म्हणे.”

मिशीवर फिरणारा पुंजाजीचा हात थांबला.

सात चकरा.

बुंदी. पितळी दांडा. हेमसिंगचं गोल गोल फिरणं. आणि त्याच्यामागं उभा राहून पोट धरून हसणारा एक माणूस, मिशीवाला.

६

आता इथं दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पुंजाजीवर कोणाचाच संशय उरला नव्हता. पैजही त्यानं जिंकली होती, चोर चारच्या आत उभा केला होता, मिशी शाबूत होती.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाह्यलं. सव्वादोन. मग मंजुषाकडं. पोरगी रडत नव्हती. एकोणिसाव्या वर्षी गेटवर गाडी आदळल्यावर उभी राह्यली होती, तशी ओठ दाबून उभी होती.

“मंडळी,” तो घसा खाकरून म्हणाला, “चोर एक नाही. दोन हाये. एकानं लायसन नेलं. दुसऱ्यानं झारा नेला, म्हणून लायसन अडकलं. दुसरा जास्त बदमाश हाये.”

“कोण तो?” केशरबाई गरजली.

“सांगतो. पण आंधी तुमी माह्यापासून दोन हात दूर व्हा, वैनी.”

ती हलली नाही. त्यानं तरी सांगितलं. हेमसिंगची पाठ फिरली तशी आपण झारा उचलला. जमिनीवर लपवला तर लगेच सापडतो, कारण माणूस हरवलेली वस्तू खालीच शोधतो. म्हणून आपण तो वर खोचला, मांडवाच्या कापडाच्या झालरीत, हेमसिंगच्या डोक्याच्या बरोबर वर. पाच मिनिटांनी काढून देणार होतो. तेवढ्यात सरपंच आला, फुगा सुचला.

“अन् तुमी इसरले,” मंजुषा म्हणाली.

“अन् मी इसरलो.”

पुंजाजी एकदम दौलतसिंगकडं वळला, आणि आता त्याच्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी चमक आली.

“दौलत, मांडव कोणाचा होता?”

“माहा.”

“काढला कोणं?”

“माह्या माणसाइनं. कापडं गुंडाळून आणले काल.”

“झटकून पाह्यले का?”

दौलतसिंगनं गल्ल्यातून गोडाऊनची चावी काढली. मग सगळेच मागच्या गोडाऊनकडं पळाले.

लाल-पिवळ्या कापडाची सहा गाठोडी. पहिलं सोडलं, झटकलं. काही नाही. दुसरं. एक लहान मुलाची चप्पल. तिसरं, चौथं, काही नाही. पाचवं गाठोडं मंजुषानं आणि धम्मरत्ननं दोन टोकांना धरून झटकलं, आणि फरशीवर आवाज आला—

ठण्ण!

पितळी झारा. भोकांत अजून वाळलेली बुंदी. दांड्यावर दौलतसिंगच्या बापाचं नाव.

पुंजाजीनं तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि तलवारीसारखा वर धरला. “म्हणजे दौलत, तुहा झारा कालपासून तुह्याच घरात. अन् त्याच्यासाठी माही पोरगी तू तारेले टांगली?”

दौलतसिंग पार कोमेजला. लगबगीनं जाऊन त्यानं चिमटा दाबला आणि लायसन दोन्ही हातांनी मंजुषाला दिलं. तिनं बोट फिरवलं. चिप लागली.

“एवढ्यानं नाही भागत,” पुंजाजी म्हणाला. “आपला माल आपल्या घरात असताना दुसऱ्याचं कार्ड टांगलं तू. आता या पोट्ट्याचंही आधार उतरव. अन् त्या म्हाताऱ्याचा पास. बिचारा कवापासून फुल तिकीट काढून राह्यला असन. सारेच उतरव! वहीत नाव लिहून घेत जाय, माणसं टांगत नको जाऊ.”

एकेक चिमटा उघडत गेला. तार रिकामी झाली. बाहेर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुंजाजी झारा छातीशी धरून सगळ्यांपुढं वाकला.

तेवढ्यात केशरबाईनं तो झारा त्याच्या हातातून काढून घेतला.

“वैनी... वैनी, तो त्याच्या बापाचा हाये... वैनी!”

धनज फाट्यावरच्या लोकांनी त्या दिवशी पुंजाजीला जेवढं जोरात पळताना पाह्यलं, तेवढं आधी कधी पाह्यलं नव्हतं. चारच्या ठोक्याला मंजुषाची गाडी नागपूरकडं निघाली, तेव्हा तो बाभळीमागून हात हलवत होता.

मंजुषानं काच खाली केली. “काका! चोर धरला तुमी, पण चोर निघालेही तुमीच. मिशीचं काय?”

“तूच सांग!”

“सोमवारी सांगते!”

७

सोमवारी दुपारी एकला कारंज्यात मेसेज आला.

‘काका, सायब कार्ड घेत नाही. म्हणते वरच्या काठाले चिमट्याचे दात उमटले, कार्ड खराब हाये.’

पुंजाजीनं मेसेज दोनदा वाचला. त्यानं फोन लावला. उचलला नाही. परत लावला. बंद. पाच मिनिटं तो स्कूलच्या पायरीवर बसून राह्यला. एका झाऱ्यापायी पोरीची नोकरी गेली. व्हिसा गेला. बुंदीच्या भट्टीजवळ दोन मिनिटं हसायला मिळावं म्हणून.

तो उठला आणि शेजारच्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीवर बसला.

“मिशी काढ.”

“काका?” न्हावी दचकला.

“काढ म्हणतो ना! पुरी!”

तीस वर्षांची मिशी चार हातांत खाली आली. आरशात एक अनोळखी, ओठ लांब असलेला माणूस बसला होता. त्यानं जड पायांनी बाहेर पाऊल टाकलं आणि खिशात फोन वाजला.

फोटो. मंजुषा गाडीत, स्टेअरिंगमागं. हातात करकरीत गुलाबी कार्ड. खाली लिहिलं होतं:

‘सायबानं असल कार्ड जमा केलं, नवं देल्लं. चिमट्याचं विचारत होता, मी सारी गोष्ट सांगितली, तो खुर्चीवरून पडाचा राह्यला. काका, मिशी गेली का? समोर पाहा.’

पुंजाजीनं समोर पाह्यलं. रस्त्यापलीकडं रंजीता फोन डोळ्याला लावून उभी होती, हसून हसून तिचे खांदे हलत होते.

“सरळ पाहा, काका! तिरपा फोटो येऊन राह्यला!”

क्षणभर पुंजाजीचं तोंड उघडंच. मग ते हसू आलं, पोटातून, असं की तो खांबाला धरून खाली बसला. गाडी त्यानं शिकवली होती. पण हे पोरगी कधी शिकली?

संध्याकाळपर्यंत त्यानं ते गुलाबी कार्ड रंजीताकडून मोठं छापून, लॅमिनेशन करून, स्कूलच्या बोर्डाखाली खिळ्यांनी ठोकलं. रोलची बारीक रेघ त्याच्यावरही आलीच. खाली पुंजाजीनं स्वतःच्या हातानं स्केचपेननं लिहिलं:

‘ही झेरॉक्स हाये. असल जर्मनीत गाडी चालवून राह्यलं.’